मेघस्थ दप्तराचें वास्तव्य व त्यावरील अंमल

जुन्या घराण्याकडून दप्तर पाहावयास मिळतें तेव्हां त्याबरोबर एक अट बहुधा येतेच: कागद वाड्याबाहेर जातां कामा नयेत. संशोधकांनीं ही अट पिढ्यान्‌पिढ्या पाळली, व ती पाळली म्हणूनच पुष्कळ बंद पेट्या उघडल्या गेल्या. हल्लीं रुमाल जागच्या जागीं सोडून पानापानाची प्रतिमा घेण्यांत येते आणि बहुधा त्याच रात्रीं ती कोणत्या तरी कंपनीच्या ‘क्लाउड’वर चढते. मूळ कागद वाड्यांतच राहिला. प्रतिमा मात्र मुंबईस असेल, सिंगापुरास असेल, किंवा अमेरिकेंतील व्हर्जिनिया प्रांतांतही असेल. ज्यानें ती चढविली त्यासच ती कोठें गेली हें पुष्कळदां ठाऊक नसतें. मग घराण्याची अट पाळली गेली कीं मोडली? व्यापारी व कायदेपंडित या विषयास ‘डेटा रेसिडेन्सी’ म्हणतात व त्यावर त्यांचें लेखन विपुल आहे. परंतु कागदपत्रांचा संग्रह करणारांच्या दृष्टीनें त्याचा विचार मराठींत फारसा झालेला आमच्या पाहण्यांत नाहीं. म्हणून हा लेख.

प्रथम वस्तु काय आहे तें पाहूं. क्लाउड म्हणजे मेघ. पण हें नांव फसवें आहे. मेघाला ठावठिकाणा नसतो, या यंत्रशाळांस मात्र सर्व्हे नंबर असतो, विजेचें बिल असतें व दाराशीं पहारेकरी असतो. हजारों संगणक एका इमारतींत रचून, त्यांस अखंड वीज व गारवा पुरवून, त्यांवरील जागा भाड्यानें देण्याचा हा धंदा आहे. जवळपासच्या अशा कांहीं इमारती मिळून एक ‘रीजन’ होतो. त्यास आम्ही येथें प्रांत म्हणतों. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें इ. स. २०१५ मध्यें पुणें, मुंबई व चेन्नई येथें असे प्रांत उघडले. ॲमेझॉननें २०१६ सालीं मुंबईस व २०२२ सालीं हैदराबादेस, आणि गूगलनें २०१७ सालीं मुंबईस उघडला. खातें उघडणारानें प्रांत निवडावयाचा असतो. न निवडल्यास कंपनी आपल्या सोयीनें ठेविते, आणि फुकट किंवा घरगुती वापराच्या खात्यांत तर निवडीचा अधिकार बहुधा नसतोच.

आतां मुख्य भेद. दप्तर कोठें आहे ही एक गोष्ट. त्यावर हुकूम कोणाचा चालतो ही दुसरी. पहिलीस वास्तव्य म्हणूं, दुसरीस अंमल. आमच्या वाचकांस हा भेद नवा वाटण्याचें कारण नाहीं. इ. स. १८१८ मध्यें पेशवाई गेली तेव्हां पेशवे दप्तराचे रुमाल बव्हंशीं पुण्यांतच राहिले. वास्तव्य बदललें नाहीं. परंतु ते पाहण्याची परवानगी देणारा हात बदलला, आणि पुण्याच्या अभ्यासकास पुण्यांतीलच दप्तरासाठीं परक्या सरकारचें दार ठोठवावें लागलें. सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० पासून निघूं लागले, म्हणजे मध्यें शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं होतीं. ‘आमचा डेटा भारतांतच आहे’ एवढ्या उत्तरावर जे संतुष्ट होतात त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत घ्यावें.

वास्तव्य व अंमल यांचा झगडा न्यायालयांत उघड झाला तो डब्लिनच्या प्रकरणांत. डिसेंबर २०१३ मध्यें न्यूयॉर्कच्या केंद्रीय न्यायालयांतील दंडाधिकाऱ्यानें मादक पदार्थांच्या एका तपासांत मायक्रोसॉफ्टवर हुकूम काढला कीं, अमुक खात्यांतील पत्रव्यवहार हजर करावा. पत्रांचा मजकूर आयर्लंडांत डब्लिन येथील यंत्रशाळेंत होता. कंपनीचें म्हणणें असें कीं, झडतीचा हुकूम देशाच्या सीमेपाशीं थांबतो. पत्रें आयर्लंडांत आहेत, तेव्हां आयरिश सरकारमार्फत मागा. सरकारचें उत्तर असें कीं, कंपनी अमेरिकेची, तिचे नोकर अमेरिकेंत बसून कळ दाबून तीं पत्रें आणूं शकतात, मग झडती डब्लिनांत झाली असें कां म्हणावें? वादाचा आधार होता इ. स. १९८६ चा कायदा, आणि तो करणारांच्या स्वप्नांतही असलीं कोठारें आलीं नव्हतीं. खालच्या न्यायालयांत २०१४ सालीं कंपनी हरली. १४ जुलै २०१६ रोजीं अपिलांत जिंकली. २७ फेब्रुवारी २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयापुढें सुनावणी झाली. पण न्यायाधीशांनीं निकाल देण्यापूर्वींच २३ मार्च २०१८ रोजीं अमेरिकेंत ‘क्लाउड ॲक्ट’ नांवाचा कायदा झाला व १७ एप्रिल रोजीं न्यायालयानें आतां वाद उरला नाहीं म्हणून प्रकरण निकालांत काढलें.

या कायद्याचें मर्म एका शब्दांत आहे, तो शब्द ‘ताबा’. अमेरिकेच्या अमलाखालील सेवादार कंपनीच्या ताब्यांत किंवा नियंत्रणांत जें असेल तें, मग तें अमेरिकेंत असो वा बाहेर, रीतसर हुकूम आल्यास तिनें हजर केलें पाहिजे. दुसऱ्या देशाच्या कायद्याशीं विरोध येत असल्यास हरकत घेण्याची वाट ठेविली आहे, पण ती अरुंद आहे. तात्पर्य, मुंबईच्या प्रांतांत ठेवलेली प्रतिमा अमेरिकन कंपनीच्या कोठारांत असेल तर तिचें वास्तव्य एक, पण तिच्यावर अंमल दोन. अठराव्या शतकांतील दुअंमली मुलखाची आठवण व्हावी अशी ही स्थिति आहे. तेथेंही रयतेचें शेत एकाच ठिकाणीं असे, वसुलीस येणारे मात्र दोघे.

युरोपांत विचाराची दिशा निराळी. तेथील सामान्य डेटासंरक्षण नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला. तो वास्तव्याची सक्ति करीत नाहीं. माहिती बाहेर न्यावयाची तर संरक्षणही तिच्याबरोबर गेलें पाहिजे, इतकेंच म्हणतो. परंतु अमेरिकेशीं झालेली देवघेवीची व्यवस्था युरोपच्या न्यायालयानें दोनदां मोडली, एकदां ६ ऑक्टोबर २०१५ रोजीं व पुन्हां १६ जुलै २०२० रोजीं. दोन्ही वेळीं मुद्दा वास्तव्याचा नसून अमलाचाच होता: अमेरिकन सरकारच्या हेरखात्यास ती माहिती पाहतां येते व त्याविरुद्ध युरोपियन मनुष्यास पुरेशी दाद नाहीं. तिसरी व्यवस्था १० जुलै २०२३ रोजीं झाली. तिच्यावरील पहिला हल्ला तेथील सामान्य न्यायालयानें सप्टेंबर २०२५ मध्यें फेटाळला. मधल्या काळांत, मे २०२३ मध्यें, मेटा कंपनीस युरोपांतील लोकांची माहिती अमेरिकेस नेल्याबद्दल १२० कोटि युरो दंड झाला. रशियानें उलट सरळ स्थानबंदी केली: आपल्या नागरिकांची माहिती देशांतील यंत्रांवरच नोंदली पाहिजे असा नियम १ सप्टेंबर २०१५ पासून लागू केला, व तो न पाळल्यामुळें पुढच्या वर्षीं लिंक्डइन बंद केलें.

आपल्या देशांत एकच असा नियम नाहीं; निरनिराळ्या खात्यांचे निरनिराळे आहेत, आणि त्यांच्या शब्दांत बारीक पण महत्त्वाचे फरक आहेत. सर्वांत कडक तो रिझर्व्ह बँकेचा. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकान्वयें पैशाच्या देवघेवीच्या व्यवस्थांचा सगळा डेटा ‘केवळ’ भारतांतील यंत्रांवर ठेवावा असा हुकूम झाला व त्यास सहा महिन्यांची मुदत मिळाली. ‘केवळ’ या एका शब्दानें मोठा वाद माजला, कारण नक्कल येथें ठेवणें निराळें व अस्सल-नक्कल दोन्ही येथेंच ठेवणें निराळें. २०१९ च्या जूनांत बँकेनें खुलासा केला कीं, व्यवहाराची प्रक्रिया परदेशांत झाली तरी चालेल. मात्र तेथील डेटा पुसून चोवीस तास किंवा कामकाजाचा एक दिवस यांपैकीं जें आधीं संपेल त्याच्या आंत तो भारतांत आणला पाहिजे. व्यवहाराचा एक पाय परदेशांत असेल तर त्या पायापुरती प्रत तेथें ठेवण्यास मोकळीक राहिली. हें नुसतें कागदी फर्मान नव्हतें. २०२१ सालीं अमेरिकन एक्सप्रेस, डायनर्स क्लब व मास्टरकार्ड यांस नवीं गिऱ्हाइकें घेण्यास बँकेनें मनाई केली. ती उठण्यास डायनर्सला त्याच वर्षाचा नोव्हेंबर, मास्टरकार्डला २०२२ चा जून व अमेरिकन एक्सप्रेसला ऑगस्ट उजाडला. नियमपालन म्हणजे केवळ आज्ञा मानणें नव्हे, मानल्याचा पुरावा तपासनिसापुढें मांडणें, हें या प्रकरणांत पुरतें दिसून आलें.

याउलट कंपन्यांच्या हिशेबवह्यांविषयींचा २०१४ चा नियम. वह्या परदेशांतील यंत्रावर चालल्या तरी हरकत नाहीं. त्यांची राखीव प्रत मात्र भारतांत प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर असावी. आधीं ही प्रत ‘वेळोवेळीं’ घ्यावयाची होती. २०२२ सालीं ‘दररोज’ असा शब्द घातला गेला. हा नक्कल घरीं ठेवण्याचा नियम, अस्सल घरीं डांबण्याचा नव्हे.

सर्वसाधारण खासगी माहितीविषयीं धोरण तर कांहीं वर्षांतच फिरलें. न्यायमूर्ति श्रीकृष्ण यांच्या समितीनें जुलै २०१८ मध्यें दिलेल्या मसुद्यांत प्रत्येक वैयक्तिक माहितीची एक प्रत भारतांत असलीच पाहिजे, व कांहीं वर्गांची माहिती येथेंच राहावी असें होतें. त्यावरून आलेलें विधेयक २०२२ च्या ऑगस्टांत मागें घेतलें गेलें. शेवटीं ऑगस्ट २०२३ मध्यें जो कायदा झाला त्याच्या कलम १६ अन्वयें माहिती बाहेर नेण्यास सामान्यतः मुभा आहे. केंद्र सरकार ज्या देशांचीं नांवें जाहीर करील तेथें मात्र नेतां येणार नाहीं. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें प्रसिद्ध झाले व बहुतेक कर्तव्यें प्रसिद्धीपासून अठरा महिन्यांनीं लागू व्हावींत असें ठरलें.

आमच्या वाचकांपैकीं कांहींजण म्हणतील, आमच्याकडे तीनशें वर्षांपूर्वींचे महजर व सनदा आहेत, त्यांत वैयक्तिक माहिती कसली? पण कुलवृत्तांत हा आपल्या इतिहासलेखनाचा एक भरघोस विभाग आहे, आणि वंशावळीच्या शेवटच्या दोन फांद्यांवर जिवंत माणसें बसलेलीं असतात. त्यांच्या जन्मतिथि, पत्ते, सोयरिकी संगणकीय यादींत घातल्या कीं ही माहिती कायद्याच्या कक्षेंत येते. कायद्यानें संशोधन, अभिलेखजतन व संख्याशास्त्र यांसाठीं एक सवलत ठेविली आहे हें खरें. पण ती दोन अटींवर: त्या माहितीवरून विशिष्ट व्यक्तीविषयीं कोणताही निर्णय घ्यावयाचा नाहीं, आणि काम ठरवून दिलेल्या प्रमाणांनुसार व्हावयाचें. संस्थांनीं ही सवलत आपोआप मिळाली असें धरून चालूं नये.

आणखी दोन जुने कायदे संग्राहकांस अधिक जवळचे आहेत. १९७२ च्या पुरावस्तु व कलानिधि कायद्याप्रमाणें ऐतिहासिक, वाङ्मयीन वा शास्त्रीय महत्त्वाचें हस्तलिखित किंवा दस्तऐवज किमान ७५ वर्षें जुना असेल तर तो पुरावस्तु होतो व खासगी माणसास तो देशाबाहेर पाठवितां येत नाहीं. हा कायदा वस्तूस धरून आहे; प्रतिमा बाहेर गेल्यानें वस्तु बाहेर जात नाहीं. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा मात्र जपून वाचावा. त्याच्या कलम ४ प्रमाणें केंद्र सरकारच्या पूर्वसंमतीशिवाय सार्वजनिक अभिलेख भारताबाहेर नेतां येत नाहींत, आणि अभिलेख या शब्दाच्या व्याख्येंत हस्तलिखितें, सूक्ष्मपट, प्रतिकृति व संगणकानें निर्माण केलेली सामग्रीही घातली आहे. तेव्हां केंद्र सरकारच्या कोणा कचेरीच्या दप्तराच्या प्रतिमा परदेशच्या प्रांतांत चढविणें हें ‘बाहेर नेणें’ होतें असें म्हणण्यास भरपूर जागा आहे, असें आमचें मत आहे. खासगी घराण्याच्या दप्तरास हें कलम लागत नाहीं. तेथें घराण्याची अट हाच कायदा.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग सगळें देशांत, शक्य तर आपल्याच इमारतींत ठेवावें म्हणजे झालें. हा उतावळेपणा होय. २६ सप्टेंबर २०२५ रोजीं दक्षिण कोरियांत देजॉन येथील सरकारी यंत्रशाळेंत विजेऱ्यांस आग लागली. सरकारी नोकरांचें कामाचें साहित्य ज्या कोठारांत ठेवण्याचा रिवाज होता त्यांतील ८५८ टेराबाइट माहिती जळाली, आणि कोठार फार मोठें म्हणून त्याची बाहेर दुसरी प्रतच नव्हती. वास्तव्य निर्दोष, अंमल निर्वेध, आणि दप्तर राख! युक्रेनची गोष्ट याच्या उलट. तेथें सरकारी माहिती देशांतच ठेवण्याचा दंडक होता; १७ फेब्रुवारी २०२२ रोजीं, म्हणजे रशियन स्वारीच्या आठवडाभर आधीं, तेथील संसदेनें तो सैल केला. स्वारी सुरू होतांच डब्लिनहून पोलंडमार्गें प्रवासी पेटीएवढीं साठवणयंत्रें पाठविलीं गेलीं व जमिनीच्या, मालमत्तेच्या, शिक्षणाच्या नोंदी त्यांत भरून परदेशच्या कोठारांत नेण्यांत आल्या. स्थानबंदी कायम असती तर त्या नोंदी बॉम्बखालीं राहिल्या असत्या.

एस्टोनियानें यावर जो तोडगा काढला तो आम्हांस सर्वांत विचारपूर्वक वाटतो. विसाव्या शतकांत परचक्र सोसलेल्या या लहान राष्ट्रानें जून २०१७ मध्यें लक्झेंबर्गशीं करार करून तेथें ‘डेटा वकिलात’ स्थापिली. यंत्रें लक्झेंबर्गच्या भूमीवर. परंतु वकिलातीप्रमाणें तीं अनतिक्रम्य, त्यांवर अंमल एस्टोनियाचाच. देश उद्यां व्यापला गेला तरी जमिनीची व प्रजेची नोंदवही शाबूत राहावी हा हेतु. म्हणजे वास्तव्य परक्याकडे व अंमल आपला. पेशवे दप्तराच्या नेमकें उलटें. ही सोय राष्ट्रांना मिळते, संग्राहकाला नाहीं. पण तत्त्व उचलण्यासारखें आहे, आणि त्याचें साधन आहे किल्ली.

प्रतिमा चढविण्यापूर्वींच ती गुप्तलिपिबद्ध करून किल्ली आपल्याजवळ ठेविली, तर कोठारवाल्याच्या हातीं राहतें तें सांकेतिक लिपींतील पत्र. त्याच्यावर कोणाचाही हुकूम आला तरी तो निरर्थक अक्षरांचा ढीगच देऊं शकेल. कंपनीनें स्वतः लिपिबद्ध करून स्वतःच किल्ली ठेविली तर मात्र हा लाभ होत नाहीं, आणि जाहिरातींत ‘सर्व माहिती लिपिबद्ध असते’ असें लिहिलेलें असतें तें बहुतेक या दुसऱ्या प्रकाराविषयीं. किल्ली आपल्याजवळ ठेवण्यांत धोका हा कीं ती हरवली तर दप्तर गेलें. ती कागदावर लिहून दोन निरनिराळ्या तिजोऱ्यांत ठेवावी.

प्रांत निवडला म्हणजे सर्व प्रती तेथेंच राहतात असेंही नाहीं. राखीव प्रतीसाठीं दुसरा प्रांत नेमलेला असतो, तो पाहावा. चित्रें वाचकांस लवकर दिसावींत म्हणून त्यांच्या तात्पुरत्या नकला गांवोगांवच्या यंत्रांवर पसरतात. कोणी काय पाहिलें याची नोंद व खातेदाराचें नांव-पत्ता निराळ्याच जागीं असूं शकतो. परदेशांतील दुरुस्तीवाला दुरून आंत डोकावला तर तेंही स्थलांतरच, असें युरोपांतील देखरेख मंडळाचें मत आहे. मोडी वाचून देणारीं जीं नवीं यंत्रसाधनें निघालीं आहेत त्यांकडे पान पाठवितांना तें पान कोणत्या प्रांतांत वाचलें जातें व वाचून झाल्यावर तेथें राहतें कीं काय, हें विचारल्यावांचून पाठवूं नये. मजकुराची वाचणावळ स्वस्त पडते म्हणून घाई करणारे या ठिकाणीं हटकून फसतात. असो.

राहिली घराण्याची अट. ‘वाड्याबाहेर’ हे शब्द ज्या काळीं ठरले त्या काळीं कागद व मजकूर एकत्रच हालत असत; आतां ते वेगळे हालतात, म्हणून शब्दही वेगळे लिहावे लागतील. आमची सूचना अशी कीं, छायांकनाच्या करारांत पुढील मजकूर घराण्यास वाचून दाखवून घालावा: प्रतिमा कोणत्या कंपनीच्या कोणत्या प्रांतांत राहतील व ती कंपनी कोणत्या देशाची, किल्ली संस्थेजवळ कीं कंपनीजवळ, दुसरी प्रत कोठें, व ती चालू तारेपासून तोडलेली आहे कीं नाहीं, घराण्यानें प्रतिमा काढून टाकण्यास सांगितल्यास किती दिवसांत काढल्या जातील, आणि प्रांत बदलावयाचा झाल्यास आधीं कळविलें जाईल. प्रत्येक प्रतिमेची अंकमुद्राही नोंदवहींत उतरून ठेवावी. तिच्यावरून पुढें मागें प्रतिमेंत फेरफार झाला कीं काय तें कळतें, म्हणजे ती मोर्तबाच्या ठिकाणीं होते. ज्या दप्तरांचें छायांकन अशा मजकुराशिवाय आधींच होऊन गेलें आहे त्यांच्या मालकांकडे पुन्हां जावें, आणि जुन्या अटीचा अर्थ जाणणारीं वडीलधारीं माणसें हयात आहेत तोंवरच जावें. कांहीं घराणीं ‘काढून टाका’ म्हणतील. त्यांच्या प्रतिमा काढून टाकाव्या लागतील, व काढल्या हें त्यांस लेखी द्यावें लागेल.